सोयरीक

गोण्या बावीस होत्या. प्रत्येकीला सुतळी,
सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं अक्षर:
बिजा. मुरुमघाट. मातृवृक्ष एकशे दहा.
एकशे दहा हा आकडा वरून आला होता.
मी तो सुबक लिहिला.

बिजाची शेंग म्हणजे चपटी पापडी,
मधे गाठ, भोवती कागदी पंख.
गोणीत हात घातला की वाटतं
सुकलेले कान चाळतोय आपण.
मागल्या फेब्रुवारीभर गोदामात तोच आवाज,
आणि काट्याचा. भाव किलोला होता,
झाडाला नव्हता.

पावसाळ्यानंतर नागपूरला शहाण्णव रोपांची पानं आली.
एकेक कुटलं, गाळलं, नळीत भरलं.
क्लोरोफॉर्मचा वास डब्यातल्या भाकरीला लागला.
रात्री साडेनऊला जेलखालचा दिवा लावला
आणि रेघा उमटल्या,
दर रोपाला दोन: एक आईची,
एक माशीनं पायाला लावून कुठूनतरी आणलेली.

मोजलं. पुन्हा मोजलं.
वाटलं, चुकून एकच नमुना सगळीकडे भरला.
शहाण्णवातल्या एकाहत्तरांची आई एक.
बाप शेजारचा.
आणि काहींना बाप म्हणून आईचीच रेघ;
ती रोपं वाफ्यात बोटभर राहिलेली.

मुरुमघाटला गेले तेव्हा बिरजू हलामी बाजेची दोरी ताणत होता.
बी कोणत्या झाडांचं, विचारलं.
त्यानं हनुवटीनं दाखवलं: वळणावरचं.
गाडीच्या टपावर उभं राहिलं की हात पुरतो.
"बाकीचे झाडं वरतं हायेत. तिकडं अस्वल.
अन् गाडी पाचले निंगते."
यात खोटं काही नव्हतं.

मी कागद उलगडला.
जैतूबाई मोहफुलं वाळवत होती, हात झटकत आली.
कागद उलटा धरला, मग सुलटा,
एकसारख्या रेघांवरून नख फिरवलं.
"हे त सारे एकाच देवाचे दिसतात.
आमच्यात सहा देववाला सहा देववाल्याच्या घरी
पोरगी मागाले जात नाई. भाऊबंद होतात नं.
तुमी त झाडाइची घरातल्या घरातच सोयरीक लावली, बाई."

मी वहीत उतरवून घेतलं.
तिनं विचारलं, लिहायचे पैसे भेटतात का.

मग तिचं नख थांबलं अठ्ठावन्नाव्या खान्यावर.
तिथं एक रेघ वर होती, एकटी,
साठाव्यात पुन्हा, एकसष्टाव्यात पुन्हा,
बाकी कुणाकडेच नाही.
"हा पाहुना कुठला?"

रोपं बाविसाव्या गोणीतली. अर्धी भरलेली ती.
ती अर्धी का होती, ते मला आठवलं,
त्या दोघांनाही आठवलं,
पण बोललं कुणी नाही.

त्यांचा मंगरू हरवलेली शेळी शोधत
टेकडीपलीकडं पेनठाण्यापर्यंत गेला होता.
तिथं कुऱ्हाड नेत नाहीत. झाडाला हात लावत नाहीत.
वाऱ्यानं पडलेल्या पापड्या त्यानं दुपट्ट्यात बांधल्या,
शेळी सापडली नाही, हे मात्र आणलं.
काट्यावर चारशे ग्रॅम.
एवढ्याची पावती कोण करतं, म्हणून हसत
बाविसाव्या गोणीत ओतलं कुणीतरी.
कुणीतरी म्हणजे मी. काट्यावर मीच होते.

साठ रुपयांनी चोवीस निघत होते.
मंगरू आला तेव्हा मी वीसची नोट आणि पाचचं नाणं पुढं केलं.
त्यानं चड्डीचे दोन्ही खिसे धुंडाळून
एक रुपया परत दिला.

"ते झाड दाखवशील?"
"तुमची गाडी पाचले जाते नं?"
"जाऊ दे."

त्यानं काही न बोलता
माझ्या चपलांकडं पाहिलं.